पितृपक्षात पसंत केलेली गाडी

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या कोपरखैरण्यात कावळ्यांचा भाव वधारतो. एरवी ज्यांच्यासाठी गॅलऱ्यांना जाळ्या मारून घेतल्या, त्यांनाच माणसं गच्चीवर उभी राहून आर्जवानं बोलावतात. समोरच्या इमारतीच्या टाकीवर सकाळपासून केळीच्या पानाचे तुकडे मांडलेले असतात आणि दुपारपर्यंत कावळे इतके जेवलेले असतात की खिरीकडे ढुंकूनही बघत नाहीत. खाली दुकानं उघडी, पण गिऱ्हाईक नाही. भांडीवाला दारात खुर्ची टाकून पेपर वाचतो, सोनाराकडचा पंखा रिकाम्या बाकांवर फिरत राहतो. पाऊस जवळजवळ गेलेला असतो आणि ऊन असं पडतं की दोरीवर टाकलेली चादर बघता बघता कडक होते.

लोक या दिवसांना नावं ठेवतात. मला मात्र हे दिवस अलीकडे आवडायला लागले आहेत. मी सारी नोकरी तुर्भ्याच्या एका कारखान्यात, खरेदी खात्यात केली. बोल्टपासून बॉयलरपर्यंत कितीतरी वस्तू निवडल्या, आणि प्रत्येक वस्तू कुणाला तरी कालच हवी होती. निवांतपणे, हातात घेऊन, ठेवून, परत उचलून बघितलेली अशी माझ्या खात्यावर एकच वस्तू आहे. ती म्हणजे रिमोटवर चालणारा, हातभर लांबीचा, डोंगरवाटेवरच्या दगडांवरून चढणारा एक ट्रक. खऱ्या गाडीची हुबेहूब लहान नक्कल. तो मी पितृपक्षात पसंत केला. आज समोरच्या टाकीवरचे कावळे बघताना ते दिवस आपसूक समोर येतात.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मला फिट आली. मी ओट्यापाशी चहा गाळत होतो. त्यानंतरचं आठवतं ते छताला फिरणारा पंखा आणि माझ्यावर वाकलेला वंदनाचा, माझ्या बायकोचा, चेहरा. मधला भाग तिच्याकडे आहे. तो तिनं मला कधी नीट सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. मग तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात सांगितलं, "गाडी चालवणं बंद. शिडीवर चढायचं नाही. आणि सध्या एकटं राहायचं नाही."

गाडी भाच्याला देऊन टाकली. तो नाशिकहून येऊन घेऊन गेला. सोसायटीच्या गेटमधून वळताना त्यानं इंडिकेटर दिला नाही, एवढं मी वरून पाहिलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण ते वाटणं सोसण्यासारखं होतं. गाड्या जातात, माणसं रिक्षानं फिरतात.

सोसलं नाही ते दुसरंच. मला एकटं सोडणं बंद झालं. न्हाणीघराची कडी लावायची नाही. दूध आणायला खाली गेलो तर वंदना सोबत. गच्चीवर गेलो तर वंदना सोबत. केस कापायला गेलो तेव्हा ती सलूनमधल्या बाकावर, दाढीसाठी थांबलेल्या पुरुषांच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन बसली. न्हाव्यानं तिला पंख्याखाली जागा करून दिली आणि माझी मान जरा जास्तच हळुवारपणे वाकवली. मी तिला दोष देत नाही. तिनं जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही. तिच्या जागी मी असतो तर बहुधा कमरेला दोरीच बांधली असती. तरीपण साठी ओलांडलेल्या माणसाला चोवीस तास सोबत असणं ही काय चीज आहे, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. मला कुठेही मोठं जायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, एकट्यानं कुठेतरी जाऊन परत यायचं होतं.

गणपती गेले त्या आठवड्यात आम्ही दोघं संध्याकाळी उद्यानात फिरत होतो. कारंज्याच्या मागं दगडांचा ढीग आहे, तिथं एक पन्नाशीतला गृहस्थ हातात रिमोट घेऊन उभा होता. त्याच्या पुढ्यात हिरवा, चिखलानं माखलेला लहानसा ट्रक दगडावर चढत होता. चढत होता म्हणजे काय, पुढचं चाक दगडाला लावून विचार करत होता. मग किंचित सरकायचा, थांबायचा, मागं यायचा, दुसऱ्या बाजूनं बघायचा. दुचाकीवरून सिग्नल तोडत हिंडणाऱ्या या गावात इतकं सावकाश चालणारं वाहन मी कधी बघितलं नव्हतं. वंदना ट्रककडे बघत होती. मी त्या गृहस्थाच्या आजूबाजूला बघत होतो. त्याच्यासोबत कुणीच नव्हतं.

घरी आल्यावर फोनवर शोधाशोध सुरू केली. पुण्याहून आमच्या मुलीनं, मुग्धानं, एकामागून एक व्हिडिओ पाठवले. "बाबा, ही घ्या, एकदम फास्ट आहे," असं प्रत्येकाखाली. वंदनानं चष्मा लावून एक-दोन पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे खेळणंच की हो."

माझ्यातला खरेदी खात्याचा माणूस जागा झाला. मी तिला चांगलं अर्धं जेवण होईपर्यंत समजावलं. खेळणं कसलं? याला खरी चासी असते, पुढं-मागं अ‍ॅक्सल असतात, गिअरबॉक्स असतो, चारी चाकांना ताकद मिळते, स्प्रिंगा असतात. ही गाडीच आहे, फक्त आकारानं लहान. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कोशिंबीर वाढली आणि विचारलं, "नक्की गाडी आहे ना?"

"शंभर टक्के."

"मग पितृपक्षात घ्यायची नाही. घट बसले की बघू."

खेळणं म्हणून मान्य केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरात आलं असतं. मी माझ्याच मुद्द्यात अडकलो आणि तेही तोंडात घास असताना. मी म्हटलं, घेत नाही, पण बघायला काय हरकत आहे? बघण्याला पितरांची ना नसावी, असं तिच्याही मनात आलं असावं.

जवळच्या पावणे गावाच्या औद्योगिक पट्ट्यात एका गाळ्यात असे ट्रक मिळतात, असं उद्यानातल्या त्या गृहस्थानं सांगितलं होतं. आम्ही रिक्षानं गेलो. पंधरवडाभर जात राहिलो. त्या रस्त्यावरच्या लोखंड कापल्याच्या वासात मला नेहमीच बरं वाटतं. नोकरीत असताना असल्या गाळ्यांमधूनच माझे दिवस गेले. गाळ्याचा मालक संदेश. चाळिशीचा, खाली प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचा आणि वर माळ्यावर त्यानं हौसेनं या ट्रकांचं दुकान थाटलेलं. माळ्यावर जायला लोखंडी शिडी होती. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवतोय तोवर वंदनानं मागून शर्ट धरला.

"शिडी नाही."

संदेशनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "नो टेन्शन, काका. माल खाली येईल. तसंही या पंधरा दिवसांत इथं कुत्रं फिरकत नाही." आणि तो एकेक ट्रक उतरवत राहिला. शेवटी गाळ्याच्या जमिनीवर लहानसा वाहनतळच झाला.

दसऱ्याच्या गर्दीत त्यानं मला एक खोका हातात देऊन वाटेला लावलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पितृपक्ष होता म्हणून त्याला वेळ होता. तो चहा मागवायचा, भंगारातले लोखंडी तुकडे आणि मुरमाची गोणी पसरून डोंगर तयार करायचा आणि म्हणायचा, "घ्या, घुसवा." गाडी तिथं, माल तिथं, आणि विकत घ्यायची मुभा नाही. पारखायला याहून चांगली परिस्थिती मला सबंध नोकरीत मिळाली नव्हती.

पहिल्यांदा मी अर्थातच मुग्धाची फास्टवाली मागितली. रिमोटचा खटका बोटानं जरासा ओढला. पुढं काय झालं ते कळेपर्यंत ती गाळ्याच्या दारातून बाहेर, रस्त्यावर. एक टेम्पो करकचून थांबला. आणि मी जागेवरून हलण्याआधी वंदना धावली. गुडघेदुखीनं जिना उतरताना कठड्याला धरणारी माझी बायको साडीचा घोळ हातात धरून पावण्याच्या रस्त्यावर धावत होती. टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"काय मावशी, गाडी सुटली का?"

ती परत आली तेव्हा ती गाडी तिच्या हातात उलटी लटकत होती आणि चाकं अजून फिरत होती. ती संदेशसमोर ठेवून तिनं दम खाल्ला आणि विचारलं, "यांना हिच्यामागं पळावं लागेल, असली दाखवूच नका. पळावं न लागणारी आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना, काकू. ही बघा. ही माणसाच्या चालीनं चालते. उलट काकांनाच तिच्यासाठी थांबावं लागेल."

तिथून पुढं आमची निवड सरळ रस्त्याला लागली. अगदी छोटे ट्रक टेबलावर छान दिसत होते, पण डोंगरावरच्या गवतात ते हरवले असते. सुटे भाग घरी जोडायचा संच मला मोहात पाडत होता, पण पहिल्यांदाच घेणाऱ्यानं आधी तयार घ्यावा, चालवावा, मोडावा, आणि मग जोडायला शिकावं, असं संदेशचं म्हणणं पडलं. टायर मऊ हवेत, अंगठ्यानं दाबले तर दबणारे, म्हणजे दगडाला धरून राहतात. वंदनानं प्रत्येक ट्रक उचलून पाहिला. तिच्या दृष्टीनं वजन हाच मुख्य मुद्दा होता, कारण दगडांत पडलेला ट्रक उचलायला मी वाकणार होतो.

मला खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीनं दिला. ट्रक माझ्यापासून लांब जात असला की सगळं ठीक. तो वळून माझ्याकडे तोंड करून यायला लागला की डावं-उजवं उलटं व्हायचं. मी डावीकडे फिरवावं आणि त्यानं माझ्या उजव्या हाताला जावं. आयुष्यभर गाडी चालवलेला मी, गोणीच्या डोंगरावर चार-चारदा एकाच खड्ड्यात जात होतो. वंदना बाजूला तोंड करून हसत होती. फिट आल्यापासून तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, त्यामुळं मी आणखी एकदा मुद्दाम खड्ड्यात गेलो.

संदेश म्हणाला, "काका, बाहेरून नका बघू. मनातल्या मनात आत बसा. ड्रायव्हर सीटवर. मग काय उलटं होत नाही."

मी बसलो. खरोखर बसलो. समोर बोटाएवढं स्टिअरिंग होतं, काचेपलीकडे मुरमाचा चढ होता, डाव्या हाताला भंगारातली एक पट्टी आडवी आली होती आणि ती टाळून मी वर चढलो. माथ्यावर पोचल्यावर मी ट्रक खाली उतरवला आणि पुन्हा त्याच चढाला लावला.

तोच ट्रक ठरला. मातकट रंगाची, जुन्या धाटणीची, मागं उघडा हौदा असलेली गाडी. आत बसवायला एक प्लास्टिकचा ड्रायव्हर मिळतो, तो संदेशनं काढून दाखवला. छान होता, टोपी वगैरे घातलेला. मी हात पुढं केला, पण वंदना म्हणाली, "नको. ती जागा यांचीय."

घट बसले त्या दिवशी ट्रक घरी आला. दसऱ्याला सकाळी सोसायटीच्या आवारात नेहमीचा सोहळा. धुतलेल्या गाड्या, झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाची स्वस्तिकं, आणि गाड्या पुढं घेताना फटाफट फुटणारी लिंबं. आमची पार्किंगची जागा रिकामी होती. मी ट्रक नेऊन तिच्या बरोब्बर मधोमध ठेवला. वंदनानं हाराचा तुकडा तोडून त्याला घातला, तर त्यात समोरची काच झाकून गेली.

तळमजल्यावरचे पाटील आले. मूळचे इथल्याच गावठाणातले, चार प्रवासी गाड्यांचे मालक. त्यांच्या दृष्टीनं चाक असलेल्या कुठल्याही वस्तूचा मान एकच.

"नवीन गाडी हाय ना, भावोजी? मंग लिंबू कुठं हाय?"

मी म्हटलं, "अहो, एवढ्याशा गाडीला..."

"गाडी बारीक असली तरी नजर बारीक नसते. थांबा." आणि त्यांनी स्वतःच्या पूजेतली चार लिंबं आणून चारी चाकांपुढं मांडली. भोवती माणसं गोळा झाली. मी खटका ओढला.

आता हा ट्रक बनवलेलाच अडथळ्यावरून चढण्यासाठी. मऊ टायर लिंबाला हळूच बिलगला, त्याला कवेत घेतल्यासारखा वर चढला आणि पलीकडं अलगद उतरला. लिंबू तसंच. मागच्या चाकानंही तेच केलं. चारी लिंबं टवटवीत. पाटलांनी दुसऱ्यांदा मांडली, मग तिसऱ्यांदा वरून ट्रकवर हात दाबून धरला. ट्रकनं त्यांचा मान राखला, पण लिंबू काही फोडलं नाही.

"ही कसली गाडी घेतली तुमी?" पाटील खरंच काळजीत पडले. "आपशकुन हाय हा. लिंबू फुटलाच पायजे."

कुणी म्हणालं, बॅटरी कमी असेल. कुणी म्हणालं, लिंबू कापून ठेवा. मी मोटरची ताकद आणि टायरचा मऊपणा यांचा संबंध समजावून सांगायला घेतला आणि कुणीही ऐकलं नाही. एवढ्यात वंदना पुढं झाली, चप्पल घातलेला पाय एका लिंबावर ठेवला आणि सगळा भार दिला. फट्कन आवाज झाला, पाटलांच्या धोतरावर शिंतोडे उडाले.

"झालं," ती म्हणाली. "चला आता वर, ऊन लागेल."

दसऱ्यानंतर डोंगर पिवळा पडत जातो. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडचा हा डोंगर पावसात पोस्टकार्डासारखा हिरवा असतो तेव्हा माणसांची झुंबड असते. तो वाळायला लागला की कुणी येत नाही. गुडघ्याएवढं गवत आडवं होतं, पायवाटा पुन्हा दिसायला लागतात, कातळ तापतो आणि वाळल्या गवताचा गोडसर वास येतो. आम्ही रविवारी सकाळी रिक्षानं पायथ्याशी उतरायचो. पुढं ट्रक, ट्रकमागं मी, माझ्यामागं पाण्याची बाटली, टॉवेल, गोळ्या आणि जादा बॅटरी घेतलेली वंदना. अशी आमची वरात निघायची.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं होतं, आता जवळपास एकट्यानं फिरायला हरकत नाही, फोन खिशात ठेवा. ते दवाखान्यात सांगितलं गेलं. आमच्या घरात लागू झालं नाही. मीही वाद घातला नाही. रात्री माझी कूस बदलली तरी तिची झोप मोडते, हे मला माहीत होतं. अशा माणसाशी डॉक्टरांच्या तोंडानं भांडायचं कसं?

पण ट्रक चालवता चालवता माझ्यात काही बदल झाले होते खरे. मी पूर्वीचा तरातरा चालणारा माणूस. या गाडीबरोबर तसं जमत नाही. खडक आला की थांबायचं, वाकून बघायचं, कुठलं चाक कुठं टेकेल याचा अंदाज घ्यायचा, नाही जमलं तर मागं यायचं. मागं येण्यात कमीपणा वाटेनासा झाला. ऊन चढलं की मी आपणहून सावलीत बसायचो, न सांगता पाणी प्यायचो. गोळीची वेळ झाली की वंदनानं पिशवीत हात घालायच्या आधी माझा हात पुढं यायचा. ती हे बघत होती.

कार्तिकातला एक रविवार. ट्रक एका घळीत अडकला होता आणि मी उकिडवा बसून त्याच्यासाठी वाट शोधत होतो. वर, दोन वळणांनंतर, एक सपाट मोठा खडक आहे. तिथवर जायचं त्या दिवशी मनात होतं. वंदना बराच वेळ खाली पायथ्याकडे बघत उभी होती. तिथं डोंगरातली एक बाई काकड्या घेऊन बसते. मग तिनं सामानाची पिशवी माझ्या बाजूला ठेवली, पाण्याची बाटली तिच्यातून काढून वर दिसेल अशी उभी केली आणि हातात एक कापडी पिशवी घेतली.

"मी काकड्या बघून येते."

मी वर पाहिलं. तिनं दुसरीकडेच पाहिलं.

"बरं," मी म्हटलं.

मुरमावरचा तिच्या चपलांचा आवाज लांब लांब जात राहिला. आता थांबेल, आता वळेल, असं मला वाटत होतं. ती वळणापर्यंत गेली आणि एकदाही मागं न बघता दिसेनाशी झाली. मग आवाजही गेला. गवतावर वारा होता, एक टिटवी ओरडत होती, आणि त्या डोंगरावर माझ्याजवळ कुणीही नव्हतं. मला रडू आलं. आनंदानं आलं, त्यात थोडी भीतीही होती, आणि दोन्ही माझी एकट्याची होती. मी टॉवेलनं तोंड पुसलं, पाण्याची बाटली काखेत मारली, ट्रक घळीतून मागं घेतला आणि दुसऱ्या बाजूनं चढवला. सावकाश, त्याच्या चालीनं, दोन्ही वळणं पार करून खडकापर्यंत गेलो. तिथं बसलो. खाडीपर्यंतच्या इमारती, त्यापलीकडचं धुरकट पाणी, सगळं बघितलं. पाणी प्यायलो. मग ट्रकचं तोंड फिरवलं आणि आलो त्या वाटेनं परत खाली आलो.

वंदना पिशवीपाशी उभी होती. घामानं चेहरा लाल झालेला, डोळेही.

"कुठपर्यंत गेलात?" तिनं विचारलं.

"वरच्या खडकापर्यंत," मी म्हटलं. "एकटाच."

तिनं मान डोलावली आणि हातातली कापडी पिशवी घडी करून कमरेला खोचली. पिशवी रिकामी होती. काकड्यांचं मी विचारलं नाही.